मांजराचं बोलणं सांगणारं ॲप: एका मीटर टेस्टिंगवाल्याचा अहवाल

पाचपैकी दोन तारे. त्यातला एक माझा, दुसरा आमच्या सौ.च्या आग्रहाखातर. तिचं म्हणणं, घरात इतकं हसायला झालं त्याचं काहीतरी द्या की.

ॲपचं नाव लिहीत नाही. या जातीची दोन-चार ॲप आहेत आणि साचा सगळ्यांचा सारखाच. फोन मांजरापुढे धरायचा, ते ओरडलं की बटण दाबायचं, थोडा वेळ चक्र फिरतं आणि पडद्यावर वाक्य उमटतं. ‘मला भूक लागली आहे.’ ‘मला एकटं राहू द्या.’ ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे.’ फुकटात एकाच मांजराची नोंद होते. दुसरं मांजर जोडायचं किंवा जुने आवाज साठवून ठेवायचे तर वर्षाची वर्गणी. ती आमच्या मुलीनं, ऋतानं, पुण्यात बसून भरली आणि माझ्या वाढदिवसाला सुट्टीत आली तेव्हा ॲप माझ्या फोनवर चढवून दिलं. "बाबा, चिंगी काय म्हणतेय म्हणून तुम्ही सारखं विचारत असता ना? आता तिलाच विचारा."

माझी लायकी आधी सांगतो, म्हणजे कुणी नंतर विचारायला नको. मांजरांतला मी तज्ज्ञ नाही. मी वीज मंडळातून निवृत्त झालो, आणि नोकरीतला बराचसा काळ मीटर टेस्टिंगच्या टेबलावर गेला. एखादं यंत्र म्हणतंय की मी अमुक मोजतो, तर ते खरंच तेच मोजतंय का, एवढं तपासायला मला येतं. त्याला लोड, म्हणजे मीटरवर टाकलेला विजेचा भार, आधी ठाऊक असावा लागतो. शेजारी खात्रीचा मीटर लावायचा, ठरलेला लोड टाकायचा आणि मग तपासायला आलेला मीटर काय दाखवतो ते बघायचं. लोड न टाकताही बघायचं. बिनलोडाचा मीटर जागचा हलता कामा नये. हलला तर त्याला आम्ही ‘क्रीप’ म्हणायचो, आणि असा मीटर पुढच्या चाचणीला न नेता बाजूला ठेवून द्यायचो.

हे ॲपही मी त्याच क्रमानं घेतलं.

घरात मांजरं दोन. चिंगी ही करड्या पट्ट्यांची भाटी, वय बारा-तेरा, स्वभावानं मोजकं बोलणारी. बंड्या तांबूस बोका, ऑपरेशन झालेला. २०१९च्या महापुरात माझा मेहुणा सांगलीच्या गावभागातून बायकापोरांसह आमच्याकडे विश्रामबागेत आला, तेव्हा एका पिशवीतून हे पिल्लू आलं. पाणी ओसरल्यावर मंडळी परत गेली, पिल्लू राहिलं. तिसरा एक बाहेरचा, ऑपरेशन न झालेला, गालफडं सुटलेला दांडगा बोका. गल्लीत त्याला सरपंच म्हणतात. तो कंपाउंडच्या भिंतीवरून रोज एक फेरी मारतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर आपली सही करून जातो.

बिनलोडाची चाचणी आधी. मांजरं दोन्ही गच्चीवर, खाली फोन स्वयंपाकघराच्या ओट्यावर, ॲप चालू. कुकरची शिट्टी झाली. ॲप म्हणालं, ‘मी रागावलो आहे.’ मागच्या दाराची बिजागरी कुरकुरली. ॲप म्हणालं, ‘मी जोडीदार शोधतो आहे.’ सौ. म्हणाली, "अहो, तेल घाला तिला. बिचारी एकटी पडलीय."

नियमानं इथंच मीटर बाजूला ठेवायला हवा होता. पण वर्गणी भरलेली, मुलगी रोज फोनवर विचारणार, म्हणून पुढं गेलो.

आता लोड टाकून. मांजराला काय हवंय हे आपल्याला शंभर टक्के ठाऊक आहे असे प्रसंग घरात पुष्कळ असतात. संध्याकाळी सुकटाच्या डब्याचं झाकण वाजलं की बंड्या पायात येतो आणि लांब, वर चढत जाणारा आवाज काढतो. इथं ॲपनं बऱ्याच वेळा ‘भूक’ असं बरोबर सांगितलं. मला बरं वाटलं. मग त्याला लसीसाठी पिंजऱ्यात घालून रिक्षानं मिरजेला नेलं. रस्ताभर तो घशातून खोल, ओढलेला, रडका आवाज काढत होता. रिक्षावालासुद्धा म्हणाला, "काका, लई घाबरलंय हो ते." ॲप म्हणालं, ‘मला भूक लागली आहे.’ न्हाणीघराचं दार लावून मी आत असलो की तो बाहेर बसून हाका मारतो. त्या हाका म्हणजे कधी ‘प्रेम’, कधी ‘राग’, एकदा तर ‘शिकार सापडली’. शेवटी त्याचा एक आवाज जुन्या फोनवर टिपून घेतला आणि तोच आवाज ॲपला पुन्हा पुन्हा ऐकवला. इनपुट तेच, अंतर तेच, तरी उत्तर दर वेळी तेच येईना. मीटर चुकीचा असला तरी चालतो, चूक कायम सारखी असेल तर दुरुस्त करता येते. दर वेळी वेगळं दाखवणाऱ्या मीटरचं काय करणार?

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. यंत्राला मांजराचा आवाज अजिबात ओळखता येत नाही असं नाही. मिलान विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये २१ मांजरांचे ४४० आवाज घेऊन हा प्रयोग केला होता. प्रसंग तीनच: खाण्याची वाट पाहणं, अनोळखी जागी एकटं असणं, आणि मालकानं अंगावरून ब्रश फिरवणं. तेवढ्या तीन कप्प्यांत आवाज टाकायला यंत्र चांगलंच शिकलं. पण तिथं मांजरं ठरलेली, प्रसंग ठरलेले, मायक्रोफोन गळपट्ट्याला लावलेला. इकडं ॲप विश्रामबागेतल्या कुठल्याही मांजराचा कुठलाही आवाज घेऊन छापील वाक्य काढून देतं. तीन कप्प्यांपासून ‘माझं तुमच्यावर प्रेम आहे’पर्यंतची उडी कुणी आणि कशावर मारली, हे ॲपच्या माहितीच्या पानावर कुठंही लिहिलेलं नाही.

खरी अडचण त्याहून मुळातली आहे. ‘म्याव’ हा प्रकार मांजरं माणसासाठी वापरतात. पिल्लं आईला हाका मारतात, पण वाढलेली दोन मांजरं एकमेकांशी बोलताना सहसा म्याव करत नाहीत. लढताना, माजावर असताना आवाज होतात, ते वेगळे. रोजचं म्याव हे आपल्या घरातल्या माणसांकडून काय केल्यावर काय मिळतं, याच्या अनुभवातून प्रत्येक मांजर घडवत जातं. म्हणून बंड्याची भूक लांब आणि चढती, तर चिंगीची भूक म्हणजे एक तुटक ‘मॅक्’. बऱ्याचदा तर चिंगी नुसतं तोंड उघडते, आवाज काढतच नाही. हे अनेक मांजरं करतात. ॲपच्या लेखी त्या वेळी घरात मांजर नसतं.

याचा खात्रीचा मीटर आमच्या घरात आधीपासून होता. सौ. भाकऱ्या थापत असते, पाठ दाराकडे असते, आणि मागून आवाज आला की न वळता सांगते, "तिला गच्चीचं दार उघडून हवंय." किंवा "त्याला काही नको, नुसता आलाय." मी उठून खात्री करायचो, ती क्वचितच चुकायची. शेजारच्या कुलकर्णीकाकूंच्या मांजराचा आवाज मात्र तिला असा सांगता येत नाही, ते मी फोनवर टिपून आणून ऐकवलं. ही काही आमच्याच घरची करामत नाही. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात २००३च्या सुमारास लोकांना अनोळखी मांजरांचे आवाज ऐकवून प्रसंग ओळखायला लावले, तेव्हा नुसत्या अंदाजपंचेपेक्षा थोडंसंच बरं जमलं. पुढं इंग्लंडात लिंकन विद्यापीठाच्या मंडळींनी मालकांना स्वतःच्या आणि परक्या मांजराचे आवाज ऐकवले, तर स्वतःच्या मांजराचं बऱ्यापैकी ओळखता आलं, परक्याचं नाही. म्हणजे प्रत्येक घराचा कोश निराळा, आणि ॲप सगळ्या जगाला एकच कोश वाटत सुटलंय. तुम्ही चूक दुरुस्त करून दिली की आपण तुमच्या मांजराचं शिकत जातो, असं ते म्हणतं खरं. मी श्रावणभर इमानानं दुरुस्त्या केल्या. बिजागरी अजून जोडीदार शोधतेय.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्याच दिवसांत घरात एक भानगड चालू होती. चिंगी पायपुसण्यावर लघवी करायला लागली होती. बारा वर्षांत कधी केलं नाही असं काम. डॉक्टरांनी आधी लघवी तपासली, कारण मांजर ट्रे सोडून बाहेर जाऊ लागलं की पहिली शंका मूत्रमार्गाची घ्यायची. त्यात काही निघालं नाही. मग म्हणाले, "घरात दोघांचं कसं काय चाललंय ते बघा." मी म्हटलं, भांडण नाही, आवाज नाही, सगळं शांत आहे. ॲपच्या नोंदीतही दोघांच्या नावावर ‘राग’ म्हणून काही नव्हतं, कुकरचा आणि न्हाणीघराच्या दाराशी मारलेल्या हाकांचा सोडून.

ते ‘शांत’ काय असतं ते मी जिन्याच्या पायरीवर बसून बघितलं. आमच्या घरात वाळूचा ट्रे एकच, मागच्या बोळकांडीत. तिकडं जायची वाट एकच. चिंगी उठली की बंड्या सावकाश जाऊन त्या बोळाच्या तोंडाशी बसायचा. फिस्कारणं नाही, पंजा नाही. पाय अंगाखाली घेऊन नुसता बसायचा आणि तिच्याकडं एकटक बघायचा. शेपटीचं टोक तेवढं हलत असायचं. चिंगी चार पावलांवर थांबायची, नजर बाजूला वळवायची, खाली बसून उगाच खांदा चाटायची, आणि माघारी फिरायची. पाहुणे आले असते तर म्हणाले असते, किती गुण्यागोविंदानं राहतात हो दोघं. आणि ॲपचा पडदा कोरा. ऐकू येण्यासारखं काही घडलंच नव्हतं, सगळं बोलणं मात्र पुरं झालं होतं.

एकदा हे बघायची सवय लागली की मांजरांचं घर दिवसभर गजबजलेलं दिसतं. आपल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकेकडचं रानमांजर, एकेकटं शिकार करणारं. अशा जनावराला जखम परवडत नाही, कारण त्याला आणून घालणारं कुणी नसतं. म्हणून त्याची बरीचशी भाषा ही लांब राहण्याची, टक्कर टाळण्याची. रोखून बघणं म्हणजे दटावणी. नजर फिरवणं, डोळे मिटणं म्हणजे मला वाद नको. कान आडवे होऊन मागं फिरले की पुढं येऊ नकोस. शेपटी फुलवून, पाठ कमानीसारखी करून आडवं उभं राहणं म्हणजे मी आहे त्याहून मोठा दिसावा ही खटपट, पोटात भीती. सरपंच भिंतीवर आला की बंड्याचा हा सगळा कार्यक्रम खिडकीच्या आतून होतो.

स्नेहाची भाषाही आहे, फक्त तीही बहुतेक मुकी. शेपूट सरळ उभी, टोकाला किंचित वाकडी, अशी मांजर आली की ती भेटायला आलेली असते. १९९०च्या दशकात साउदॅम्प्टन विद्यापीठात एका संशोधक बाईंनी मांजराच्या आकाराच्या काळ्या आकृत्या कापून घरातल्या मांजरांपुढे लावल्या होत्या. शेपटी उभी असलेली आकृती दिसली की मांजरं स्वतःची शेपटी उभारून जवळ जायची. शेपटी खाली असलेल्या आकृतीशी वागणं वेगळं. मला हा प्रयोग फार आवडला, खर्च पुठ्ठ्याचा आणि उत्तर स्वच्छ. नाकाला नाक लावणं, डोक्याला डोकं घासणं, एकमेकांची मान चाटणं हे त्याच्या पुढचे टप्पे. चेहऱ्याचं तर विचारू नका. लॉस एंजेलिसमधल्या एका मांजरांच्या कॅफेत ५३ मांजरांचं चित्रीकरण करून दोन संशोधकांनी २०२३ मध्ये मांजरांनी मांजरांकडे बघून केलेले २७६ वेगवेगळे मुखभाव मोजले, त्यातले जवळपास निम्मे मैत्रीचे. वर्गणी घेणाऱ्या ॲपला मायक्रोफोनची परवानगी लागते. कॅमेऱ्याची मागतसुद्धा नाही.

बोळातल्या प्रश्नाला डॉक्टरांनी उपाय सांगितला तो साधा. मांजरं जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि सगळे एका जागी न ठेवता वेगवेगळ्या ठिकाणी, म्हणजे एकाला सगळ्यांच्या वाटेवर बसता येत नाही. एक जिन्याखाली, एक गच्चीच्या दाराशी. पाण्याची भांडीही लांब लांब. सौ. कुरकुरली, वाळू झाडायचं काम वाढलं ते खरंच. पण पायपुसणं कोरडं राहायला लागलं आणि बंड्याची चौकी हळूहळू उठली.

आता घुरघुरीचं. ॲपमध्ये घुरघूर ऐकू आली की एकच वाक्य ठरलेलं: ‘मी अगदी निवांत आहे.’ रात्री झोपेतही ऐकत राहायची सोय आहे, ती मी एकदा लावून बघितली. सकाळी नोंद: मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत ‘मी अगदी निवांत आहे’. मांजरं त्या रात्री ऋताच्या खोलीत, दार बंद. निवांत मी होतो.

मांजराची घुरघूर साधारण २५ ते ३० हर्ट्झवर चालते, म्हणजे आपल्या विजेच्या ५० हर्ट्झच्या निम्म्याच्या आसपास. हे वाचल्यापासून मला ती जास्त आवडायला लागली. पण घुरघूर म्हणजे सुख, एवढंच नसतं. इंग्लंडातल्या ससेक्स विद्यापीठात कॅरेन मॅकोम्ब यांनी २००९ मध्ये दाखवलं की काही मांजरं खाणं मागताना वेगळी घुरघूर करतात. तिच्या पोटात एक उंच सूर दडलेला असतो, तान्ह्या बाळाच्या रडण्याच्या पट्टीतला. ज्यांनी कधी मांजर पाळलं नाही त्यांनाही ती घुरघूर जास्त निकडीची वाटली. बंड्या पहाटे छातीवर बसून करतो ती हीच. आणि दुखत असताना, प्रसूतीत, भेदरलेलं असतानाही मांजर घुरघुरतं.

चिंगीनं ते करून दाखवलं. इथं ॲपच्या पदरात माझा एकमेव तारा पडतो, तेव्हा नीट सांगतो. ॲप प्रत्येक आवाजाची वेळ लिहून ठेवतं आणि आठवड्याचा आलेख काढतं. अर्थ चुकीचा असला तरी वेळ बरोबर असते. गणपतीच्या सुमारास मी आलेख बघत होतो, तर चिंगीच्या नावापुढच्या संध्याकाळच्या रेघा आखूड होत गेलेल्या. ती खाणं मागायला येणं कमी झालं होतं. ताटलीतलं संपत होतं, पण ते बंड्या संपवत होता. मूळची मोजकं बोलणारी, त्यामुळं घरात कुणाला चुकल्यासारखं वाटलं नव्हतं.

डॉक्टरांच्या टेबलावर ती जोरजोरात घुरघुरत होती. मी ॲप लावलं. ‘मी अगदी निवांत आहे.’ डॉक्टरांनी फोनकडं बघितलंही नाही, तिच्या तोंडाकडं बघितलं. "कान बघा कसे बाहेरच्या बाजूला पडलेत. डोळे अर्धे मिटलेत. मिश्या ताठ होऊन पुढं आल्यात. डोकं खांद्याच्या खाली." मग तोंड उघडून दाखवलं: एक दाढ हिरडीपाशी झिजून आतून पोखरलेली. मांजरांत हे बरंच आढळतं म्हणाले. दाढ काढली, आता ती पूर्वीसारखी ‘मॅक्’ करते.

त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट मी या ॲपऐवजी सगळ्यांना सुचवतो. ‘फेलाइन ग्रिमेस स्केल’ नावाची मोजपट्टी आहे, कॅनडात माँट्रियल विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी तयार केलेली, २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. फुकट आहे, फोनवरही मिळते. कान, डोळे, नाकातोंडाचा भाग, मिश्या आणि डोक्याची ठेवण या पाच गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला शून्य, एक किंवा दोन गुण. बेरीज दहापैकी. चार किंवा जास्त आली तर मांजराला बहुधा दुखतंय, डॉक्टरांना दाखवा. सोबत प्रत्येक गुणाची छायाचित्रं आहेत, त्यामुळं वाद राहत नाही. मांजर झोपलेलं, खात असलेलं, अंग चाटत असलेलं किंवा ओरडत असलेलं असताना गुण द्यायचे नाहीत, हेही स्पष्ट लिहिलंय. काय मोजायचं, कधी मोजायचं नाही आणि आकडा आल्यावर काय करायचं, तिन्ही सांगणारं साधन मला बऱ्याच काळानं भेटलं. हिला पाचपैकी पाच. आणि आकडा चार आला म्हणून घरातली तापाची गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

दाढ काढून चिंगी घरी आली तेव्हाचा प्रसंग राहिला. पिंजऱ्याचं दार उघडलं, बंड्या पुढं झाला, वास घेतला आणि फिस्कारून दोन पावलं मागं गेला. सहा वर्षं सोबत राहिलेली भाटी त्याला परकी झाली. ॲपनं फिस्कारणं टिपलं आणि वाक्य दिलं, ‘चला, खेळूया!’ सौ. हसून हसून खाली बसली. मांजर ओळख पटवतं ती बरीचशी वासावर. गाल, हनुवटी, शेपटीचं बूड इथल्या ग्रंथींचा वास ती एकमेकांना, सोफ्याच्या कडेला, माझ्या विजारीला लावत असतात, आणि त्यातून घराचा मिळून एक वास तयार होतो. चिंगी दवाखान्याचा वास घेऊन आली होती. तिला एक रात्र ऋताच्या खोलीत ठेवलं, बंड्याच्या अंगावरून फिरवलेला टॉवेल तिच्या अंगावरून फिरवला, तिचा त्याच्याकडं नेला. दुसऱ्या दिवशी त्यानं तिचा कान हुंगला आणि निघून गेला. आमच्याकडं याला समेट म्हणतात.

ॲपमध्ये ‘टिप्स’ म्हणून एक पान आहे, ते मात्र वाचण्यासारखं आहे. तिथंच मला सावकाश डोळे मिटण्याची गोष्ट कळली. मांजराकडं बघत आपण डोळे अर्धे मिटायचे, क्षणभर बंद करायचे, उघडायचे. ससेक्सच्याच मंडळींनी २०२० मध्ये हे तपासलं: मालकानं असं केलं की मांजरंही जास्त वेळा डोळे मिटून उत्तर देतात, आणि अनोळखी माणसानं केलं तरी त्याच्या पुढं केलेल्या हाताकडं जास्त येतात. मी खुर्चीत बसून चिंगीवर हे करत होतो तेव्हा गॅसवाला दारात आला होता. त्याला काय वाटलं असेल ते असो, चिंगीनं उत्तर दिलं.

बाकी तक्रारी थोडक्यात. बॅटरी फार खातं. मायक्रोफोन सतत चालू ठेवायचा आग्रह धरतं आणि टिपलेले आवाज बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतं. सौ.चं बहिणीशी झालेलं फोनवरचं बोलणं बंड्याच्या खात्यात ‘राग’ म्हणून जमा झालेलं सापडलं, तेव्हापासून तिनं फोन स्वयंपाकघरात आणायला बंदी घातलीय. मराठी वाक्यं आहेत, पण सगळी मांजरं पुल्लिंगी. चिंगी ‘मी रागावलो आहे’ असंच म्हणते. कंपनीला मेल पाठवला, आभाराचं उत्तर आलं, वाक्य तसंच आहे.

ऋताचं मत वेगळं आहे तेही लिहितो, नाहीतर ती खाली येऊन लिहील. तिच्या मते चार तारे. साठवलेले आवाज तिला पुण्यात ऐकता येतात, कामावरून आल्यावर ती बंड्याची हाक लावून बसते. तेवढ्यासाठी कुणाला हवं असेल तर वर्गणी भरायची गरज नाही, आवाज फोनच्या साध्या रेकॉर्डरवर घेऊन व्हॉट्सॲपवर पाठवले तरी तेच काम होतं. वर्गणी भरलीच असेल तर एक लक्षात ठेवा: ॲप काढून टाकलं म्हणून ती थांबत नाही. प्ले स्टोअरमध्ये आपल्या खात्याच्या चित्रावर दाबून पेमेंट आणि वर्गण्यांच्या पानावर जा, तिथं रद्द करा, आणि तारखेच्या आधी करा. दुसरं मांजर जोडायला जे पैसे मागतात त्यात वाळूचा एक मोठा ट्रे येतो, वर सुकट आणण्यापुरते उरतात.